आधी माझ्या मनगटावर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, शेवटी खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं पाखरांसारखी ओळीनं बसली. व्यासपीठावर एक भलीमोठी काचेची बरणी होती आणि तिच्यात इन्सुलिनची पेनं गळ्यापर्यंत भरलेली होती. ज्यांनी मधुमेहाला कायमचा रामराम ठोकला, त्यांनी ती टाकली होती म्हणे. बरणीवर वरून दिवा सोडला होता. मोत्यांवर सोडावा तसा.

माझी मुलगी माझ्या मांडीवर होती आणि माझे वडील शेजारी. मुलीला आम्ही खारू म्हणतो, कारण ती दोन्ही हातांनी धरून कुरतडत खाते. पाचव्या वर्षी तिला मधुमेह झाला. गोड खाऊन होतो तो नव्हे. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलं. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी बोट टोचायचं, आकडा बघायचा, इंजेक्शन द्यायचं. ती रडत नाही. रडायचे ते माझे बाबाच. डोळ्याला भिंग लावून तिळाहून बारीक स्क्रू चिमट्यानं उचलणारा हा घड्याळजी, नातीला सुई टोचताना मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

बाबांना स्वतःलाही कित्येक वर्षांचा मधुमेह. गोळ्यांनी भागेना म्हणून तेही इन्सुलिनवर आले होते. पण स्वतःच्या सुईचं त्यांना काहीच वाटत नसे. "नुसतं बघून येऊ," म्हणून त्यांनी मला इथं आणलं ते खारूसाठी.

व्यासपीठावर 'निरोपसर' आले. खरं नाव कुणी घेत नसे. साधा सदरा, हसरा चेहरा, गळ्याशी माइक.

"मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. "नशीब माझं. डॉक्टर तुम्हाला साखर मोजायला शिकवतो, मी साखरेला निरोप द्यायला शिकवतो. साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. काय देणार ते कुणी सांगितलं नाही. आम्ही रोज बघतो काय देतो ते."

सभागृह हसलं. मग त्यांनी समोरच्या रांगेतल्या बेकरीवाल्या काकूंना वर बोलावलं. बेकरीवाल्या काकूंना कोण ओळखत नाही? आम्हा सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्याच भट्टीतून निघालेले. त्या वर चढताच मागून कुणीतरी म्हणालं, काकू, निरोप द्या, पण दुकानाला कुलूप लावू नका.

निरोपाचा विधी असा होता. काकूंच्या मुठीत पिकल्या द्राक्षांचा घोस दिला. डोळे मिटायचे, जन्मभर खाल्लेलं सगळं गोड आठवायचं, आणि मूठ आवळून ती द्राक्षं चिरडायची. रस काकूंच्या कोपरापर्यंत ओघळला. निम्म्या बायका डोळे पुसत होत्या. मग पांढरा कोट घातलेल्या एका बाईनं कागदी रुमालानं काकूंचा हात हळुवार टिपला, बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला, दवाखान्यात करतात तसंच, आणि बोट टोचलं. मीटरचा आकडा मागच्या पडद्यावर उमटला. चारशे बारा.

सभागृहातून एक लांब 'आई गं' निघाली.

त्यानंतर काकूंना पेलाभर कडू हिरवा रस प्यायला दिला. "गोडाची सावली हातावरही नको," असं म्हणून पाला घातलेल्या पाण्यात त्यांचे हात खळखळून धुवायला लावले. पुढं बराच वेळ सरांचं प्रवचन झालं: धान्य सोडा, फळं सोडा, उकडलेला पाला खा, सकाळ-संध्याकाळ रस घ्या, सुया फेका. प्रवचन संपल्यावर काकूंचं बोट पुन्हा टोचलं. एकशे अडतीस.

टाळ्यांनी छप्पर उडालं. काकूंनी पिशवीतून आपलं पेन काढून बरणीत टाकलं आणि सरांच्या पाया पडल्या. सर वाकून म्हणाले, "माझ्या नको, स्वतःच्या पाया पडा." म्हणजे पाया पडून घ्यायचं ते घेऊन झालंच, वर नम्रताही पदरात.

मला काही पटत नव्हतं. पण काय पटत नाही तेही सांगता येईना. तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी झाली. बाबा व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होते.

त्यांनाही द्राक्षं मिळाली, रस मिळाला, हात धुवायला पाणी मिळालं. आधी तीनशे नव्वद. नंतर एकशे तीस. ते परत येऊन बसले तेव्हा स्वतःच्या बोटाकडे असे बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

घरी जाताना मी त्यांच्याशी भांडले. दुकानात पोचलो तरी भांडणच चालू होतं. बाबांचं दुकान म्हणजे पुढं एक काचेचं टेबल, मागं एक खोली, आणि भिंतभर घड्याळं. मी म्हटलं, खारूच्या डॉक्टरबाईंनी किती वेळा समजावलंय, साखर जिथून पेशीत शिरते, त्या हिच्या दाराची किल्लीच हरवली आहे. दाराला कितीही रंग दिला तरी ते उघडणार नाही. किल्ली बाहेरूनच द्यावी लागणार, ती म्हणजे इन्सुलिन.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आकडा तर माझ्याच रक्ताचा होता ना, पोरी?"

शिकलेली आहे मी, विज्ञान शिकलेली आहे. पण 'हे शक्य नाही' एवढंच मला माहीत होतं. 'मग दिसलं ते काय' हे माहीत नव्हतं. आणि डोळ्यांनी पाहिलेल्या आकड्यापुढं नुसतं 'शक्य नाही' फार लंगडं पडतं.

बाबांची एक रीत होती. दुरुस्त केलेलं घड्याळ ते लगेच गिऱ्हाइकाला देत नसत. आधी स्वतःच्या मनगटावर बांधत, काही दिवस वागवत. टेबलावर पडून राहिलेलं घड्याळ बरोबरच चालतं, ते म्हणत, त्याची परीक्षा माणसाच्या हातावर. त्यामुळं त्यांच्या डाव्या हातावर कधी दोन तर कधी तीन घड्याळं असत. लहानपणी मला वाटायचं, माझ्या बापाकडं जगापेक्षा जास्त वेळ आहे.

त्या दिवशी त्यांनी खारूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला आत्ता काही द्यायचं नाही. आधी मी घालून बघतो. माझ्यावर नीट चाललं, तर मग हिच्यासाठी विचार करू."

मी एकच अट घातली. पाला खा, रस प्या, काय हवं ते करा, पण इन्सुलिन सोडायचं नाही. त्यांनी मान डोलावली.

तरी मी रोज सकाळी फोन करायची. ते म्हणायचे, घेतोय बघ, ऐक. आणि पेनाची चकती फिरवल्याचा आवाज यायचा, कट, कट, कट. मी ते मोजायची, आकडा बरोबर भरायचा, आणि फोन ठेवून मी खारूच्या डब्याला लागायची.

बाबा उतरत गेले. आधी सगळे कौतुक करत होते, चांगलं वजन उतरवलंत म्हणून. मग कौतुक बंद झालं. पट्ट्याला त्यांनी स्वतःच नवी भोकं पाडली, घड्याळाच्या पट्ट्याला पाडतात त्याच टोच्यानं. टेबलाखाली पाण्याचा तांब्या आला, मग घागर आली. घड्याळ उघडायला बसले की दर थोड्या वेळानं उठून आत जायचे. मी म्हटलं, साखर मोजू या. ते म्हणाले, सरांनी घरी मोजायला मनाई केली आहे. साठलेली साखर वितळून बाहेर पडते, तेव्हा मीटर भलतंच दाखवतं. मोजणं म्हणजे शंका घेणं.

"आणि तुम्हाला हे पटतं?" मी विचारलं.

"नवी कमान बसवली की घड्याळ पहिले काही दिवस मागंपुढं पळतं," ते म्हणाले. "रोज पाठ उघडून बघणारा माणूस त्यात धूळच घालतो. बसू द्यावं लागतं."

माणूस दुसऱ्याच्या थापेला फसत नाही. ती थाप आपल्याच धंद्याच्या भाषेत बसली की फसतो. सरांनी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं बाबांनी स्वतःच्या शहाणपणातून भरलं.

डॉक्टरबाईंना मी गाठलं. त्या वैतागल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आहाराला मी नावं ठेवत नाही. जेवण सुधारलं, वजन उतरलं, तर मोठ्या वयात मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. पण तपासत तपासत, डॉक्टरच्या नजरेखाली. तुमच्या वडिलांचं शरीर आता स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्यांना उद्याच घेऊन या.

तो उद्या उजाडला, पण दुपारी शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. बाबा टेबलावरच कोसळले होते. भिंग डोळ्यालाच होतं.

हॉस्पिटलात त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि त्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळांचा वास होता. तरुण डॉक्टरनं विचारलं, इन्सुलिन कधीपासून बंद आहे? मी म्हटलं, बंद नाही, मी रोज कानानं ऐकते. तो म्हणाला, यांचं रक्त आम्लानं भरलंय. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं असं सहसा होत नाही.

कपडे आणायला मी दुकानामागच्या खोलीत गेले. कमानी आणि काटे ठेवायच्या खणात पेनं नीट ओळीनं मांडलेली होती. सगळी भरलेली. चकती पुढं फिरवायची, मला ऐकवायची, आणि मग तशीच मागं आणून ठेवायची. ज्या माणसाच्या कानाला घड्याळाचा एक ठोका चुकलेला कळायचा, त्यानं मला ठोके ऐकवून फसवलं होतं. मी खाली बसले. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती आणि त्यांचा राग यावा असा तो आवाज होता.

दुसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. सलाईन चालू होतं, इन्सुलिन चालू होतं, ओठ फुटले होते, पण त्यांनी खारूला ओळखलं. कुणीतरी संत्री आणून ठेवली होती. आजोबांना अजून चालणार नाहीत म्हटलं तरी खारू खाटेपाशी बसून संत्रं सोलत राहिली, एकेका फोडीवरचे पांढरे धागे काढत. नंतर खातील म्हणाली.

तिच्या जेवणाची वेळ झाली. माझं चित्त कुठं थाऱ्यावर होतं? मी स्पिरिटचा बोळा फिरवला, तिचं बोट टोचलं, आणि आकडा बघितला. चारशे तीस. सकाळी छान होता. एक इकडं खाटेवर आणि आता दुसरी, असं काहीबाही मनात आलं. मी जास्तीचं इन्सुलिन देण्यासाठी पेनाची चकती फिरवायला लागले.

"आई, थांब," खारू म्हणाली. "माझे हात धुवायचे राहिले. मी संत्रं सोललंय."

दवाखान्यात अगदी पहिल्या दिवशी नर्सताईंनी तिला शिकवलेला नियम. आधी हात धू, मग बोट दे. फळाची साखर बोटाला राहते, बोळ्यानं ती पुरती जात नाही, आणि मीटरला काय, रक्तातली काय नि बोटावरची काय, साखर ती साखर. खारू कोपऱ्यातल्या नळाशी गेली, साबण लावून हात धुतले, पुसले, दुसरं बोट पुढं केलं. एकशे अठरा.

मी मीटर हातात धरून उभी राहिले. द्राक्षं. मूठ. कोपरापर्यंत ओघळलेला रस. रुमाल, बोळा, चारशे बारा. मग पाल्याचं पाणी, खळखळून धुतलेले हात, एकशे अडतीस.

कडू रसानं काहीच केलं नव्हतं. जे केलं ते पाण्यानं.

बाबांना सांगावं की नाही, कळेना. पण ते आमच्याकडेच बघत होते. मी सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले, भिंग लावताना करायचे तसे.

"करून दाखव," ते म्हणाले. "तुला तर साखर नाही. तुझ्यावर कर."

मी संत्र्याची फोड बोटांत चिरडली, हात टिपला, बोळा लावला, टोचलं. तीनशे साठ. हात धुतले, पुन्हा टोचलं. चौऱ्याण्णव. दोन्ही वेळा मीटर मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. ते मनातल्या मनात एकेक चक्र काढून मांडत होते.

"म्हणजे पहिला आकडा खोटा, दुसरा खरा," ते हळूहळू म्हणाले. "आणि खरा एवढा चांगला कसा आला? त्या दिवशी सकाळी इन्सुलिन घेऊनच मी तिथं गेलो होतो." त्यांनी हातावरच्या घड्याळाकडे बघितलं. "ज्याच्यानं घड्याळ चालत होतं, तेच काढून फेकलं की मी."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी विचारलं, "खारूला काही दिलं नाहीस ना त्यातलं?"

"नाही बाबा. काहीच नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं, काम नीट झाल्यावर असायचं तसं. "आधी माझ्या मनगटावर घातलं, ते बरं झालं."

डॉक्टरांना आशा वाटत होती. पण वय झालेलं हृदय, इतके दिवस सुकलेलं शरीर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थांबलं. नर्सनं त्यांच्या हातावरचं घड्याळ काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. ते बाबांचं नव्हतं. दुरुस्तीला आलेलं कुणाचं तरी होतं आणि चालू होतं.

सरांचा पुढचा मेळावा त्याच सभागृहात होता. नवरा म्हणाला, जाऊ नकोस, मोडशील. मी खारूला घेऊन गेले आणि सर्वांत आधी हात वर केला. सरांनी मोठ्या प्रेमानं वर घेतलं. द्राक्षं माझ्या डाव्या मुठीत आली. डोळे मिटा, गोड आठवा, सर म्हणाले. मला संत्र्याचे पांढरे धागे आठवले. मी मूठ आवळली. रुमाल, बोळा, सुई. पडद्यावर तीनशे अठ्ठ्याण्णव.

"अरेरे," सर म्हणाले. "ताई, किती वर्षं सोसताय?"

"मला मधुमेह नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हता."

आधी थोडं हसू आलं, मग ते विरलं. मी पिशवीतून साध्या पाण्याची बाटली आणि साबण काढला आणि तिथंच त्यांच्या पाल्याच्या पाण्याच्या घंगाळावर तो हात धुतला. पांढऱ्या कोटातल्या बाईंना म्हटलं, आता याच हाताचं दुसरं बोट टोचा, रस पिण्याआधी. त्या सरांकडे बघायला लागल्या. त्यांची सुई काही पुढं येईना. तेव्हा खारू आपलं मीटर घेऊन पायऱ्या चढली.

"मी टोचते. मला येतं," ती म्हणाली, आणि माइकपाशी उभी होती म्हणून पुढचं सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "आई, हात नीट धुतलेस का?"

तिनं माझं बोट टोचलं. आकडा तिनंच वाचून दाखवला. ब्याण्णव.

मी लोकांना सांगितलं. द्राक्षांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. सरांचं हसू जागेवरच होतं. ते म्हणाले, या ताई दुःखात आहेत, यांना क्षमा करा. यांच्या वडिलांची श्रद्धा कमी पडली असणार. शंका हाच खरा आजार.

"त्यांनी शंका घेतलीच नाही," मी म्हटलं. "तुम्ही मोजू नका म्हणालात, त्यांनी मोजलं नाही. तुमचा एकही शब्द त्यांनी मोडला नाही. म्हणून ते गेले."

तेवढ्यात माइक बंद झाला. कुणी ओरडलं, बापाच्या दुःखात डोकं फिरलंय हिचं. कुणी उठून दाराकडे निघालं. बेकरीवाल्या काकू मात्र व्यासपीठावर आल्या, जड पावलांनी, पाण्याच्या बाटलीतले घोट घेत, आणि कोपरापर्यंत हात त्या बरणीत घालून आपलं पेन शोधायला लागल्या. सगळी पेनं सारखीच होती. मी म्हटलं, काकू, बाहेर राहून ती केव्हाच निकामी झालीत. नवीन घेऊ, चला, आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या आणि तशाच आल्या. सर बाजूच्या दारानं गेले. दुसरं गाव, दुसरी बरणी. ते काही थांबायचे नाहीत. खुर्च्यांवर काही माणसं तरीही बसून होती, सर परत येतील म्हणून.

त्या बसून राहिलेल्या माणसांसाठी हे लिहिलं आहे. तुम्ही मूर्ख नाही. माझे वडीलही नव्हते. सुईला कंटाळलेला माणूस, लेकराला टोचून टोचून थकलेली आई, यांना आशा दाखवणं फार सोपं असतं. पाला जरूर खा, गोड कमी करा, चाला. पण डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय इन्सुलिन सोडू नका, गोळी सोडू नका. आणि कुणी तुमच्याच रक्ताचा चमत्कार तुम्हाला दाखवला, तर उपाय करण्याआधीच हात धुऊन पुन्हा मोजायला सांगा. खरं असेल तर ते दुसऱ्यांदाही तेच येईल. जो पुन्हा मोजू देत नाही, त्याच्यासमोरून उठून या. आपल्या माणसांना हात धरून उठवा.

दुकान मी बंद केलं. कुलूप लावायच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आपलं घड्याळ मागायला आले. बाबांच्या हातावरचं ते त्यांचंच होतं. त्यांनी ते कानाला लावलं, मग जरा अवघडून विचारलं, नीट चालेल ना हो?

"चालेल," मी म्हटलं. "बाबांनी स्वतः घालून बघितलंय."